कॅमेरा नवरदेवावर, बँड बाजूला

जुन्या रॉक बँडवरचा माहितीपट म्हणजे हल्ली बहुतेकदा गौरवग्रंथच. निर्माते तेच, साक्षीदार तेच, आणि भांडणं वकिलाने वाचून मंजूर केल्यासारखी गुळमुळीत. पीटर जॅक्सनचा ‘गेट बॅक’ (2021) वेगळा ठरला, कारण जानेवारी 1969 मध्ये बीटल्सच्या तालमीत कॅमेरे तासन्‌तास चालू होते. चौघं कंटाळतात, वाद घालतात, जॉर्ज हॅरिसन सरळ उठून निघून जातो. आणि या सगळ्या रटाळपणातूनच गाणं हाती लागतं.

आपल्याकडे जयदीप वर्मांच्या ‘लीव्हिंग होम’ने (2010) ‘इंडियन ओशन’ या बँडबाबत यातलं बरंच साधलं. तो चित्रपटगृहात लागण्याआधीच, डिसेंबर 2009 मध्ये, बँडमधले अशीम चक्रवर्ती गेले. या बँडवर खान्देशाने थोडा हक्क सांगायला हरकत नाही. बास वाजवणारे राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होते, ‘माँ रेवा’ हे गाणं त्या खोऱ्यातूनच आलं, आणि आंदोलनाचं मणिबेली गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला 1998 मध्ये.

पण खुद्द जळगाव-धुळ्याच्या बँडचं काय? वर्षानुवर्षं वराती वाजवणाऱ्या आमच्या बँडवाल्यांवर असा माहितीपट माझ्या पाहण्यात नाही. खरं तर मालमसाला भरपूर आहे. साक्रीकडच्या कोकणा आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं. तिचा सूर आता बँडच्या गाडीवरच्या ऑर्गनमधून निघतो, कर्ण्यांतून गावभर जातो आणि वऱ्हाड रांगा धरून नाचतं. गिटारला वीज जोडण्याहून हे धाडस कमी नाही.

पुरावा म्हणावा तर घराघरांतल्या लग्नाच्या कॅसेटी. त्यात ऑर्गनवाल्याची बोटं दोन-तीन सेकंद दिसतात, की कॅमेरा लगेच घोड्यावरच्या नवरदेवाकडे. त्यावर कडी म्हणजे शूटिंगवाला नंतर बँडचा आवाज पुसून वर सिनेमाचं गाणं चढवतो. बँड दिसतो, ऐकू येत नाही! मोबाइल आल्यावर आवाज परतला, अहिराणी गाणी यूट्यूबवर धो-धो चालली. पण तिथेही दिसतं ते फक्त तयार गाणं. तालीम नाही, सुपारीची घासाघीस नाही.

हे कसं दाखवावं याचा धडा धुळ्यापासून तासाभरावर आहे. फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’मध्ये (2008) हौशी सिनेमावाल्यांचं कौतुक कमी केलं, पैशांची ओढाताण, पाण्यात पडलेला कॅमेरा, यंत्रमागावरची रोजंदारी जास्त दाखवली. म्हणून ती माणसं मोठी वाटतात.

आमच्या बँडवरची फिल्म करणाऱ्याने मात्र लग्नसराई संपल्यावर यावं. चातुर्मासात लग्नाची सुपारी नसते. तेव्हा ऑर्गनवाला कोणाच्या शेतात जातो, उचल कशी फेडतो, बँडमास्तरची क्लॅरिनेट कोणत्या वर्षी पेटीत गेली आणि तिच्या जागी ऑर्गन कोणी आणला, हे विचारायला तेव्हाच सवड मिळेल.