संरचित आर्थिक अहवालांची परिभाषा आणि मराठी : एक चिकित्सा

प्रस्तावना :

आर्थिक अहवालांतील आकडे संगणकाला अर्थासह वाचता यावेत यासाठी जी पद्धत जगभर रूढ झाली, ती 'एक्सटेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज', अर्थात 'एक्सबीआरएल' होय. अमेरिकेतील लेखापाल चार्ल्स हॉफमन यांनी १९९८ मध्ये या दिशेने काम सुरू केले. भारतात केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या आर्थिक वर्षापासून सूचीबद्ध कंपन्या, तसेच ५ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल किंवा १०० कोटी रुपये वा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या यांना, काही क्षेत्रे वगळून, या स्वरूपात विवरणे दाखल करणे बंधनकारक केले. रिझर्व्ह बँक, सेबी आणि देशातील दोन प्रमुख शेअर बाजार यांची मुख्यालये मुंबईत आहेत. त्यामुळे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नोकरीत या पद्धतीशी परिचय करून घ्यावा लागण्याची शक्यता मोठी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ताळेबंद समजतो. परंतु 'टॅक्सॉनॉमी', 'काँटेक्स्ट', 'डायमेन्शन' या संज्ञांपाशी तो अडतो. या संज्ञांना मराठीत सहज सुचणारे प्रतिशब्द कितपत उपयोगी ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्द जुळतो, संकल्पना निसटते :

'टॅक्सॉनॉमी'साठी 'वर्गीकरण' हा शब्द प्रथम सुचतो. परंतु एक्सबीआरएलमधील टॅक्सॉनॉमीत केवळ गट पाडलेले नसतात. प्रत्येक संज्ञेचे नाव, तिचे लेबल, मांडणीतील स्थान, बेरीज-वजाबाकीचे संबंध आणि तिला आधार देणारे लेखामानक वा कायद्याचे कलम, हे सर्व तीत अंतर्भूत असते. 'वर्गीकरण' हा शब्द यांपैकी एकच अंग सांगतो. 'संज्ञासंहिता' हा शब्द त्या मानाने अधिक जवळचा आहे.

'काँटेक्स्ट'च्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. सामान्य व्यवहारात त्याला 'संदर्भ' म्हणतात. एक्सबीआरएलमध्ये काँटेक्स्ट म्हणजे आकडा कोणत्या संस्थेचा व कोणत्या कालावधीचा आहे, हे सांगणारी माहिती. याच पद्धतीत 'रेफरन्स' ही स्वतंत्र संज्ञा आहे आणि ती कायद्याच्या वा मानकाच्या आधाराचा निर्देश करते. मराठीत तिलाही 'संदर्भ'च म्हणावे लागते. मूळ पद्धतीने काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी अशा रीतीने मराठीत एक होऊन बसतात. 'संदर्भ' हा शब्द कायद्याच्या आधारासाठी राखून काँटेक्स्टला 'चौकट' म्हटल्यास हा घोटाळा टळेल.

'डायमेन्शन'ला 'परिमाण' म्हणावे, तर तो शब्द मोजमापाच्या एककासाठीही वापरला जातो. आणि रुपया, डॉलर, समभाग अशा एककांसाठी या पद्धतीत 'युनिट' ही वेगळी संज्ञा आहे. 'त्रिमिती'च्या धर्तीवर 'मिती' म्हणावे, तर कीर्द-खतावणीच्या परंपरेत मिती म्हणजे तिथी. वास्तविक येथे उत्पन्नाची विभागवार वा प्रदेशवार फोड अभिप्रेत असते. 'विभाजन-निकष' हा शब्द लांब असला तरी दिशाभूल करीत नाही.

परंपरेतील दुर्लक्षित सामर्थ्य :

मराठीत हिशेबाची भाषा नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. शिवकाळातील राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी जमा, खर्च, बाकी, वसूल हे अरबी-फारसी मुळाचे शब्द मराठी हिशेबात टिकून राहिले. व्यवहारात रुळलेला शब्द केवळ कोशाच्या आज्ञेने हटत नाही, हा त्याचा धडा आहे. म्हणूनच 'टॅग', 'फाईल' यांसारखे शब्द बदलण्याचा अट्टहास अनावश्यक होय.

उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. या संस्था एक्सबीआरएलमध्ये विवरणे भरीत नाहीत. त्यांच्या हिशेबपत्रकांचा नमुना १९६१ च्या महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांनी ठरविलेला आहे. ज्या संस्थांचा अहवाल मराठीत असतो, तेथे 'अमुक तारखेचा ताळेबंद' आणि 'अमुक तारखेस संपलेल्या वर्षाचे उत्पन्न-खर्च पत्रक' असे दोन निराळे मथळे सभासदांच्या परिचयाचे असतात. एक्सबीआरएलमधील 'इन्स्टंट' आणि 'ड्युरेशन' हा भेद नेमका हाच आहे : ताळेबंदातील रक्कम एका दिवसाची असते, उत्पन्न-खर्चाची रक्कम एका कालावधीची. 'तारखेची नोंद' आणि 'कालावधीची नोंद' असे म्हटले, तर सर्वसाधारण सभेत अहवाल वाचणाऱ्या सभासदालाही ही संकल्पना समजेल. तसेच 'डेबिट' व 'क्रेडिट' या गुणधर्मांसाठी 'नावे' व 'जमा' हे शब्द पूर्वीपासून तयार आहेत.

'वैध' म्हणजे 'खरे' नव्हे :

परिभाषेतील चूक केवळ भाषिक राहत नाही, हे 'व्हॅलिडेशन' या संज्ञेवरून दिसते. तिला 'प्रमाणीकरण' म्हटल्यास वाचकाला सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आठवेल. प्रत्यक्षात ही फाईल ठरलेल्या नियमांत बसते किंवा नाही, एवढीच संगणकीय तपासणी होय. लाखांतील सर्व रकमा चुकून कोटींत नोंदल्या गेल्या, तरी बेरजा परस्परांशी जुळतातच. म्हणून 'नियम-तपासणी' आणि 'लेखापरीक्षण' हे शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले पाहिजेत. अन्यथा लहान गुंतवणूकदार तांत्रिक शुद्धतेलाच आर्थिक सत्य समजून बसेल.

निष्कर्ष :

एक्सबीआरएलच्या रचनेत एकाच संज्ञेला अनेक भाषांतील लेबले जोडण्याची सोय आहे. संगणक जे नाव वाचतो ते बदलत नाही. माणूस वाचतो ते लेबल बदलते. जपानच्या टॅक्सॉनॉमीत जपानी व इंग्रजी लेबले आहेत, तर युरोपीय संघाने आपल्या टॅक्सॉनॉमीची लेबले संघाच्या अधिकृत भाषांत दिली आहेत. तेव्हा मराठीसमोरील अडथळा तंत्राचा नसून परिभाषेच्या शिस्तीचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषा कोशांचे मोलाचे काम केले आहे. तथापि सुटे शब्द समोरासमोर मांडण्याची कोशपद्धत येथे अपुरी पडते, कारण या क्षेत्रात प्रत्येक संज्ञेचा अर्थ शेजारच्या संज्ञेमुळे निश्चित होतो. सबंध संज्ञाव्यूह एकत्र ठेवून, लेखाशास्त्र, संगणकशास्त्र व मराठी या तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून प्रतिशब्द पारखले पाहिजेत. हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. ते झाले नाही, तर ताळेबंद मराठीत समजणारा विद्यार्थी त्याच ताळेबंदाच्या संगणकीय रूपापुढे परका ठरेल.