‘काला पत्थर’: इशारा कोणी द्यायचा?

यश चोप्रा यांचा ‘काला पत्थर’ हा चित्रपट 1979 साली पडद्यावर आला. सलीम-जावेद यांच्या या कथेला धनबादजवळच्या चासनाला खाणीतील दुर्घटनेचा आधार आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी तेथे जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेले पाणी अकस्मात आत घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगार प्राणास मुकले. आपल्या वऱ्हाडाला हा विषय परका नाही. वणीच्या भूमीत कोळसा आहे आणि पारसच्या वीजकेंद्रात तो जळतो.

नायक विजय हा वादळात प्रवाशांना सोडून जहाजावरून निघून गेलेला कप्तान. ती टोचणी उरात घेऊन तो खाणीत उतरतो. पापाची जाणीव आणि प्रायश्चित्त यांचे इतके गंभीर चित्रण लोकप्रिय हिंदी चित्रपटात क्वचितच आढळते. अमिताभ बच्चन यांच्या अबोल मुद्रेने ते तोलून धरले आहे. (गाणी थोडी कमी असती तर बरे झाले असते!) परंतु माझा आक्षेप नेमका येथेच आहे. शेकडो मजुरांवरील संकट हे एका माणसाच्या आत्मशुद्धीचे साधन होऊन बसते. मजूर गर्दीत उरतात.

पाण्याचा धोका मालकाला सांगतो तो अभियंता रवी, म्हणजे शिकलेला माणूस. प्रत्यक्षात भिंतीला सुटलेली ओल प्रथम दिसते ती खणणाऱ्याला. तो बोलत का नाही? बोलला तर उद्याची हजेरी जाईल, ही धास्ती चित्रपटाने पुरती उकललीच नाही. अमेरिकेत तक्रारकर्त्या खाणकामगारावर सूड उगवण्यास 1977 च्या कायद्याने मनाई केली. तरीही 2010 साली अपर बिग ब्रँच खाणीत 29 जण मेल्यावर, नोकरी जाईल म्हणून गप्प राहिल्याचे तेथील कामगारांनी सांगितले.

दुसरा दोष खलनायकाचा. धनराज हा लोभी मालक आपल्याला सोयीचा वाटतो. त्याचा धिक्कार करून आपण मोकळे होतो. खरी चासनाला खाण ज्या इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची होती, तिचे व्यवस्थापन शासनाने 1972 सालीच हाती घेतले होते. शेठजी गेला, पाणी राहिले! ही अधिक अवघड कथा पटकथाकारांनी टाळली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क मानला. मालक खाजगी की सरकारी, यावर तो अवलंबून ठेवलेला नाही.

इतके असूनही चित्रपट पाहण्याजोगा आहे. धर्मग्रामातील युवक मंडळांनी तो जरूर दाखवावा. रवी आणि धनराज यांच्या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे, आणि जिनिंगमध्ये वा ठेकेदाराकडे कामाला जाणारे जे कोणी सभागृहात असतील, त्यांना आधी बोलू द्यावे.