स्मृतिक्रमाचे दोष आणि त्यांची दुरुस्ती : लिनक्सच्या ‘मेमरी बॅरिअर्स’ या दस्तऐवजाची समीक्षा

प्रस्तावना

हैदराबाद येथे १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र सुरू झाले. पुढे क्वालकॉम, एएमडी यांसारख्या चिपची रचना करणाऱ्या कंपन्यांचीही केंद्रे त्या शहरात आली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील काम हे त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांसाठी परदेशातले काम राहिलेले नाही. या कामातील सर्वांत अवघड दोष म्हणजे स्मृतिक्रमाचे दोष होत. ते कसे समजावेत व कसे दुरुस्त करावेत यासाठी जगभर ज्या एका दस्तऐवजाकडे बोट दाखवले जाते, तो लिनक्स कर्नलसोबत मिळणारा ‘मेमरी बॅरिअर्स’ होय. डेव्हिड हॉवेल्स व पॉल मॅककेनी यांचा हा दस्तऐवज २००६ साली कर्नलमध्ये आला. नंतर विल डीकन व पीटर झायल्स्ट्रा यांचीही नावे लेखकांत जोडली गेली. अध्यापकाच्या दृष्टीने त्याचे मोल काय, हा येथे विचाराचा विषय आहे.

दोषाचे स्वरूप

प्रोग्राममध्ये आज्ञा ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने त्यांचा परिणाम दुसऱ्या प्रोसेसरला दिसेल, हे गृहीत चुकीचे आहे. कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही वेगासाठी क्रम बदलतात. एका प्रोसेसरने आधी माहिती लिहिली व मग ‘तयार’ अशी खूण केली, तरी दुसऱ्याला खूण नवी आणि माहिती जुनी दिसू शकते.

महाविद्यालयातील उदाहरण घेता येईल. लिपिकाने रजिस्टरमध्ये गुण भरले व नंतरच फलकावर ‘निकाल तयार’ अशी सूचना लावली. त्याचा क्रम चोख आहे. परंतु वाचणाऱ्याने रजिस्टरची नक्कल सकाळीच करून ठेवली आणि दुपारी सूचना पाहून तीच नक्कल खरी मानली, तर निकाल चुकणारच. म्हणून लिहिणाऱ्याने क्रम पाळणे पुरेसे नाही. वाचणाऱ्यानेही सूचना पाहिल्यावरच रजिस्टर उघडले पाहिजे. कर्नलमध्ये हा क्रम राखणाऱ्या आज्ञेला बॅरिअर म्हणतात.

दस्तऐवजाचे बलस्थान

बॅरिअर जोडीने असावे लागतात, हा नियम दस्तऐवजाने ठामपणे मांडला आहे व तेच त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. याची सत्यता २०१३ साली दिसून आली. कर्नलमधील ‘पर्फ’ हे कामगिरी मोजणारे साधन एका चक्राकार बफरमध्ये नोंदी लिहिते व वापरकर्त्याचा प्रोग्राम त्या वाचतो. पॉवरपीसी यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आले की या कोडमध्ये एक बॅरिअर राहून गेला आहे आणि भोवतालचे शेरेही कालबाह्य झाले आहेत. दुरुस्ती करताना बॅरिअर तर घातलाच, शिवाय शेरे नव्याने लिहिले गेले. चार ठिकाणांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे देऊन ए ची जोडी डी शी व बी ची जोडी सी शी आहे, असे स्पष्ट नोंदवले गेले. या चर्चेतून पुढे ‘अ‍ॅक्वायर’ व ‘रिलीज’ या जोडीच्या आज्ञा तयार झाल्या व २०१४ च्या ३.१४ आवृत्तीत आल्या. जिची जोडी लिहून ठेवलेली नाही ती दुरुस्ती अर्धवटच होय, हा यातून मिळणारा धडा आहे.

मर्यादा

दस्तऐवज स्वतःच सांगतो की तो अधिकृत विनिर्देश नाही व अपूर्ण आहे. हा प्रामाणिकपणा मान्य करूनही दोन उणिवा नोंदवाव्या लागतात. पहिली अशी की, कोणता क्रम शक्य आहे हे तो विस्ताराने सांगतो. परंतु दोष कसा ओळखावा व केलेली दुरुस्ती पुरेशी आहे हे कसे पडताळावे, याकडे त्याचे लक्ष कमी आहे. असे दोष लाखो वेळांत एखाद्या वेळी प्रकटतात. शोधासाठी छपाईची आज्ञा घातली की वेळेचे गणित बदलते व दोष लपतो. दुसरी उणीव म्हणजे नवख्या वाचकाला अल्फा प्रोसेसरच्या विचित्र वर्तनातून नेण्याचा त्याचा जुना मार्ग. ते ओझे कर्नलने २०१८ मध्ये ४.१५ आवृत्तीपासून ‘रीड वन्स’ या आज्ञेतच सामावून घेतले.

पहिली उणीव इतर साधनांनी बरीच भरून काढली. २०१८ साली ४.१७ आवृत्तीत स्मृतिक्रमाचे औपचारिक प्रतिमान कर्नलमध्ये आले. ‘हर्ड’ या प्रोग्रामला चार-पाच ओळींचे उदाहरण दिले की अमुक परिणाम शक्य आहे की नाही, याचे उत्तर मिळते. २०२० साली आलेला ‘केसीसॅन’ चालत्या कर्नलमधील संशयास्पद जागा दाखवतो.

वर्गातील उपयोग

अध्यापकाला खरी अडचण येथेच आहे. वर्गात १९८१ चे पीटरसनचे उत्तर बिनचूक म्हणून शिकवले जाते. सिल्बरशाट्झ, गॅल्विन व गान्ये यांच्या पाठ्यपुस्तकाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने मात्र ते आधुनिक यंत्रांवर चालेलच असे नाही, हे सांगून बॅरिअरची ओळख करून दिली आहे. इंटेल व एएमडीच्या नेहमीच्या यंत्रांवरही बॅरिअरविना ते फसू शकते. उलट, वर दिलेले ‘तयार’ खुणेचे उदाहरण त्याच यंत्रांवर, कंपायलरने क्रम राखला तर, बरोबर चालते आणि मोबाइलमधील आर्म प्रोसेसरवर चुकते. प्रयोगशाळेत प्रोग्राम चालला म्हणून तो बरोबर, हे प्रमाण येथे लागू पडत नाही. हैदराबादेत ज्या विद्यार्थ्याला उद्या आर्म चिपवर काम करायचे आहे, त्याला हे वर्गातच कळले पाहिजे. ‘हर्ड’ साध्या संगणकावर चालत असल्याने त्यासाठी वेगळ्या यंत्राचा खर्च नाही.

समारोप

‘मेमरी बॅरिअर्स’ हा दस्तऐवज पाठ्यपुस्तक म्हणून अपुरा, पण संदर्भ म्हणून अनिवार्य आहे. त्यातील जोडीचा नियम शिकवावा, पडताळणी ‘हर्ड’वर करून घ्यावी आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक बॅरिअरसमोर त्याची जोडी कोठे आहे ते लिहिण्याचा आग्रह धरावा. ती ओळ ज्याला लिहिता येत नाही, त्याला दोष समजलेला नाही, असे मानून गुण द्यावेत.