शब्द कापा, पण कुणासाठी?

आज ॲप्स, पुस्तकं आणि आमच्या धंद्यातली संमेलनं या तिन्हींवर बोलायचं आहे. सुरुवात एका पुस्तकापासून करतो. स्टीव्ह क्रुग यांचं ‘डोन्ट मेक मी थिंक’. २००० साली आलं, तिसरी आवृत्ती २०१४ची. वेब डिझाइनमध्ये नवा कुणी आला की आधी हेच हातात दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. लोक पान वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. उत्तम पर्याय शोधत बसत नाहीत, चालण्यासारखा पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. हे क्रुग फार सोप्या भाषेत सांगतात. डॉन नॉर्मन यांचं १९८८चं, रोजच्या वस्तूंवरचं पुस्तक जास्त खोल आहे, पण रोजच्या कामात आठवतो तो क्रुगच.

माझा वाद त्यातल्या एका नियमाशी आहे. पानावरचे शब्द निर्दयपणे कमी करा, असं ते म्हणतात. त्यांचा रोख स्वागताच्या पोकळ मजकुरावर आणि लांबलचक सूचनांवर आहे. तिथे कात्री चालवायलाच हवी. आपण मात्र ती प्रत्येक स्क्रीनवर चालवली.

समजा, पैसे पाठवायचं ॲप आहे. व्यवहार मध्येच अडकला आणि स्क्रीनवर आलं, ‘व्यवहार प्रलंबित’. दोनच शब्द, चौकटीत नीट बसलेले. पण फोन हातात धरलेल्या माणसाचे प्रश्न वेगळेच असतात. माझ्या खात्यातून पैसे गेले का? समोरच्याला मिळाले का? पुन्हा पाठवू का? उत्तर नाही मिळालं की तो पुन्हा बटण दाबतो, आणि दोनदा पैसे जाऊ शकतात. पैसे खात्यातून गेले असतील, तर तिथे लिहायला हवं: ‘पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत. समोर अजून पोचलेले नाहीत. पुन्हा पाठवू नका.’ म्हणजे बघा, माणसाला विचारात पाडायचं नाही हे तत्त्व पाळायचं, तर इथे शब्द वाढवावे लागतात!

हे होतं का? कारण आराखडा इंग्रजीत आखला जातो आणि मराठी शेवटच्या आठवड्यात ओतली जाते. मग इंग्रजीच्या मापाच्या ओळीत वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. कॅपिटल अक्षरांनी दिलेला जोर तर देवनागरीत येतच नाही, कारण आपल्याकडे कॅपिटल नाहीत. फॉन्ट नाहीत ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ फुकट उपलब्ध आहे.

आता संमेलनं. अमेरिकेत ‘अॅन इव्हेंट अपार्ट’ २००५ ते २०२२ चाललं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या आयडीसीने २००८ साली ‘टायपोग्राफी डे’ सुरू केला. अशा ठिकाणी माणूस खूप शिकतो. पण माझी तक्रार अशी, की अक्षरांवर बोलणारे एका सभागृहात आणि ॲप बनवणारे दुसऱ्या. दोन्हीकडे ‘यूजर’ हा शब्द शंभरदा येतो, पण तो यूजर काही खुर्चीवर बसलेला नसतो. आपणच बोलतो, आपणच टाळ्या वाजवतो.

उपाय क्रुग यांच्याकडेच आहे. महिन्यातून एक सकाळ, तीन माणसं, एवढ्यावर चाचणी होते, असं त्यांनी नंतरच्या पुस्तकात मांडलं आहे. माझी भर एवढीच, की तिघांपैकी दोघं तरी मराठीतच वाचणारी असू द्या. ती प्रलंबित व्यवहाराची स्क्रीन त्यांच्या हातात द्या, विचारा, ‘पैसे गेले का?’ आणि गप्प बसा. समजावून सांगायचा मोह होईल, तो आवरा. तिथे जे वाक्य तुमच्या तोंडावर येतं ना, तेच स्क्रीनवर लिहायचं राहून गेलेलं असतं.

चला, आता प्रश्न घेऊ या.