विज्ञानकथेला संपादक हवा

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. प्रकृतीच्या कारणाने ते नाशकात येऊ शकले नाहीत. तरीही या निवडीने विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळाला, यात शंका नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. या टप्प्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो. मराठी विज्ञानकथा वाढली ती कोणत्या पानांवर, आणि त्या पानांनी तिला कसे घडवले?

सुरुवात मासिकातूनच झाली. १९०० साली ‘केरळ कोकिळ’मध्ये ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर क्रमशः आले. पुढे ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी विज्ञानकथेला जागा दिली. पण ती रहस्यकथा, भयकथा यांच्या शेजारची. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली व १९७० पासून परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारळीकरांनी हे नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. नाव न पाहता कथा पाहावी, हा धडा तेव्हापासून आपल्यासमोर आहे.

मात्र फक्त विज्ञानकथेला वाहिलेले मासिक मराठीत दीर्घकाळ रुजले नाही. कथा मुख्यतः स्पर्धांवर आणि दिवाळी अंकांवर जगली. याचा परिणाम तिच्या प्रकृतीवर झाला, असे आमचे मत आहे. परीक्षक निकाल देतो. कथा परत पाठवून ‘तिसरे पान पुन्हा लिहा’ असे सांगत नाही. ते काम संपादकाचे. अमेरिकेतील ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी तरुण आयझॅक असिमॉव्हला एक कल्पना दिली : हजारो वर्षांतून एकदाच रात्र होणाऱ्या ग्रहावर तारे दिसले तर काय होईल? त्यातून १९४१ साली ‘नाइटफॉल’ ही कथा आली. असा संपादक नसला की कथेतला प्राध्यापक मध्येच थांबून दोन पाने व्याख्यान देतो आणि पात्रे निमूट ऐकतात. आपल्या अनेक विज्ञानकथांतला हा दोष शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल, कारण वर्गात असे झाले की मुले जांभया देतात!

दोष टळतो तेव्हा काय होते, हे ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या नारळीकरांच्या कथेत दिसते. गणपतीची सोंड उजवी की डावी, हा विषय मराठी घरात सर्वांना ठाऊक. तिथून कथा मोबियसच्या पट्टीपर्यंत जाते. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. त्या पृष्ठात राहणारी सपाट आकृती एक फेरी मारून आली की तिचे डावे-उजवे बदललेले असते. इथे विज्ञान हेच कथानक आहे. ते काढले तर कथाच उरत नाही. आणि चांगली कथा वाचून संपली तरी विचार संपत नाही. डावे-उजवे बदललेल्या माणसाला आपले अन्न पचेल का? सजीवांच्या प्रथिनांतील अमिनो आम्ले डाव्या घडणीची आणि आपल्याला पचणाऱ्या शर्करा उजव्या घडणीच्या असतात. मग त्या माणसाने जेवावे काय? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा.

आता छपाईच्या खर्चाची सबब उरलेली नाही. सप्टेंबर २००० मध्ये सुरू झालेले ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे इंग्रजी नियतकालिक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. वाचकांच्या देणग्यांवर ते चालते. संपादक विनावेतन काम करतात, लेखकांना मात्र मानधन मिळते. या मार्गातही अडचणी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्कस्वर्ल्ड’ला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे नवे साहित्य स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले. म्हणजे कागद वाचला, तरी वाचून निवडणारा माणूस वाचत नाही.

तो माणूस आपल्या शाळांतून तयार होऊ शकतो. विद्यार्थ्यांना विज्ञानकथा लिहायला आपण सांगतोच. यापुढे ती गुण देऊन बाजूला न ठेवता शेरे लिहून परत करावी आणि दुसरा खर्डा मागावा. विज्ञानाच्या शिक्षकाने कल्पना तपासावी, मराठीच्या शिक्षकाने संवाद. हस्तलिखिताची वीस पाने दरमहा निघाली, तरी मराठी विज्ञानकथेला आजवर जे कमी पडले त्याची सुरुवात तिथे होईल.