भयकथांतील क्रूस

गेल्या पावसाळ्यात काही भयकादंबऱ्या व अद्भुत कादंबऱ्या लागोपाठ वाचून काढल्या. मालाडमधील आमच्या पॅरिशच्या एका स्नेह्यांना ते रुचले नाही. सैतानाची पुस्तके ख्रिस्ती घरात असावीतच कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने ‘ड्रॅक्युला’ची संक्षिप्त आवृत्ती संपवली आणि विचारले, “मामा, आपल्या नाक्यावर क्रूस आहे, मग ड्रॅक्युला इकडे येऊच शकणार नाही ना?” स्नेह्यांच्या आक्षेपापेक्षा हा प्रश्न मला अधिक खोल वाटला.

मराठी वाचकाची भयकथेशी पहिली ओळख बहुधा नारायण धारप (१९२५–२००८) करून देतात. साध्या, ओळखीच्या घरात हळूहळू काहीतरी बिघडत जाणे त्यांच्याइतके परिणामकारकपणे क्वचितच कोणी रंगवले असेल. मात्र त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेविषयी माझी एक तक्रार आहे. समर्थांचे सामर्थ्य इतके निःसंशय आहे की ते आले म्हणजे वाचक निर्धास्त होतो. येथे सुष्टांचा जय होतो, पण त्या जयाची किंमत फारशी कोणाला मोजावी लागत नाही. रत्नाकर मतकरींचे भय याहून वेगळे. ते बाहेरून येत नाही. माणसाच्या मनातल्या हेव्यातून, अपराधभावनेतून उगवते. म्हणूनच ते अधिक काळ सलत राहते.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) आपल्या श्रद्धेची चिन्हे पानोपानी भेटतात, तरीही कॅथलिक वाचक मधूनच अस्वस्थ होतो. प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग पवित्र होस्तियाचा चुरा करून, तो लुकणासारखा मळून थडग्याच्या फटी बुजवतो. ज्या साक्रामेंतापुढे आपण गुडघे टेकतो, ते येथे केवळ जालीम औषध झाले आहे. परंतु याच कादंबरीत मीना ज्याच्यामुळे पोळली, त्या काउंटविषयीही करुणा बाळगायला सोबत्यांना सांगते. माझ्या मते पुस्तकातील खरा ख्रिस्ती क्षण तो, होस्तियाच्या चुऱ्याचा नव्हे.

स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये (१९७५) हाच प्रश्न धारदार होतो. धारपांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे. मूळ कादंबरीत फादर कॅलहन हातात क्रूस धरून पिशाचासमोर उभे राहतात. क्रूस तेजाने उजळतो. पिशाच म्हणतो, तो क्रूस बाजूला टाक आणि केवळ आपल्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा. फादर कचरतात, क्रूस घट्ट धरून ठेवतात, आणि त्याचे तेज विझते. पुढे त्यांना स्वतःच्याच चर्चमध्ये पाऊल टाकता येत नाही.

हा प्रसंग धर्मगुरूंची विटंबना करतो, असे काहींना वाटेल. मला तसे वाटले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्केवाच्या सात पुत्रांची हकिगत आहे. येशूशी काडीचा संबंध नसताना त्याच्या नावाचा मंत्रासारखा वापर करून ते दुष्टात्मा काढू गेले आणि घायाळ होऊन, उघडेनागडे पळाले. किंग तेच सांगतात: श्रद्धेविना क्रूस म्हणजे नुसता ताईत.

आता आपल्या नाक्यावरचा क्रूस. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबई व उपनगरांच्या गावठाणांत कितीतरी क्रूस उभे राहिले. ते उभारणारे आपले पूर्वज भयाने ग्रासलेले होते, हे खरे. पण क्रूस उभारून ते घरात दडून बसले नाहीत. त्याच्यापुढे एकत्र जमून प्रार्थना करू लागले. ताईत आणि क्रूस यांत हाच फरक आहे. ताईत माणूस एकट्यासाठी बांधतो, क्रूसापाशी गाव जमते.

शेवटी टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’विषयी (१९५४–५५) लिहायला हवे. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठीतही वाचता येते. लेखक निष्ठावान कॅथलिक. तरी कथेत चर्च नाही, क्रूसही नाही. अखेरच्या क्षणी नायक फ्रोडोची शक्ती संपते आणि तो मुद्रिका नष्ट करण्यास नकार देतो. पूर्वी बिल्बोने आणि पुढे स्वतः फ्रोडोने ज्याला दयेपोटी जिवंत सोडले, त्या गॉलमच्या हातून ती नष्ट होते. तो दिवस टोल्किनने २५ मार्च ठरवला, म्हणजे आपला देवदूताच्या निरोपाचा सण. धारपांच्या समर्थांकडे असलेले सामर्थ्य फ्रोडोकडे नाही. त्याच्यापाशी फक्त पूर्वी केलेली दया आहे, आणि तीच उपयोगी पडते. लांबलचक प्रवासवर्णने कंटाळवाणी होतात, हे मान्य करूनही या साऱ्या पुस्तकांत मी हिला वरचे स्थान देईन.

तेव्हा स्नेह्यांना माझे उत्तर असे: मुलांना ही पुस्तके वाचू द्या, पण स्वतःही वाचा आणि जेवताना त्यांविषयी बोला. भाच्याला मी सांगितले, “क्रूस पाहून ड्रॅक्युला पळेल की नाही, ठाऊक नाही. आपण मात्र तिथे थांबावे म्हणून तो उभारला आहे.” त्याचे पूर्ण समाधान झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तो तिथे थांबला होता, असे त्याची आई म्हणाली.