खळ्यावरची कविता आणि गोठ्यातील कादंबरी

ग्रामीण वाङ्मयाचे परीक्षण करताना आपले टीकाकार बहुधा बोलीपाशी अडखळतात किंवा निसर्गापाशी रेंगाळतात; कामापाशी क्वचितच जातात. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्यांतील तत्त्वचिंतनाची जितकी वाखाणणी झाली, तितकी शेतकामाच्या गाण्यांची झाली नाही. ‘मन’ सर्वांच्या तोंडी आहे. ‘रगडनी’ किती अध्यापकांनी वर्गात उलगडून दाखविली असेल?

आम्हां सुरतकरांस हा प्रश्न विशेष जवळचा आहे. ज्या तापीच्या खोऱ्यात ही गाणी जन्मली, तीच तापी येथून समुद्राकडे जाते. आणि भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे येथील यंत्रमागांवर कामास आली. येथील मराठी शाळेतल्या कित्येक मुलांच्या आजीची बोली बहिणाबाईंच्या बोलीशी नाते सांगते. मुलाने मात्र खळे पाहिलेले नसते.

‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ ही शीर्षके ओळीने वाचावीत. हा कामांचा क्रम आहे. तिवड्याभोवती बैल फिरवून कणसे तुडवावयाची, मग भुसकटात मिसळलेले धान्य उंचावरून सोडून वाऱ्याकडून निवडून घ्यावयाचे. वारा पडला की माणसे, बैल, खळे सारे खोळंबते. म्हणून वाऱ्यास घातलेली साद हा कविसंकेत नव्हे, ती निकड आहे. चेतनगुणोक्ती अशी नोंद करून पुढे जाणाऱ्या अध्यापकाच्या हाती अलंकार तेवढा लागतो. तीच गोष्ट बैलाची. पेरणीचा, मोटेचा, गाडीचा आणि खळ्याचा बैल एकच. लहान शेतकऱ्यास कामागणिक निराळे जनावर कोठून परवडणार? हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पोया’तील कृतज्ञतेचे वजन कळते.

तथापि शेत म्हणजे केवळ बैल नव्हे. गाय, म्हैस, शेळ्या, कोंबड्या, राखणीचे कुत्रे यांचा व्याप ऋतू ओळखत नाही. वैरण, पाणी, धार, शेणघाण ही नित्याचीच. या नित्यक्रमातून कादंबरी उभी करण्याचे धाडस आनंद यादव यांनी ‘गोतावळा’त (१९७१) केले. नारबा हा गडी कोल्हापूरकडच्या बोलीत आपली कहाणी सांगतो. जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरे विकली जातात. ही यंत्रद्वेषाची कादंबरी आहे, असे कोणी म्हणेल तर आम्हांस ते मान्य नाही. ट्रॅक्टर नांगरतो, पण त्यास वैरण घालावी लागत नाही, अंगावरून हात फिरवावा लागत नाही. नारबाच्या दिवसातली कामे सरतात आणि कामांबरोबर त्याची नाती सरतात. लेखकाचे लक्ष तेथे आहे.

आमचा आक्षेप दुसराच आहे. दूध, शेणखत, वैरणीचा खर्च या हिशेबातही जनावर असते. तो हिशेब मालकाच्या बाजूने आपणांस कळत नाही, कारण सारे नारबाच्या तोंडून येते आणि तो चाकर. बहिणाबाई तरुणपणी वैधव्य आलेल्या घरधनीण होत्या. जिव्हाळा आणि हिशेब ही दोन्ही ओझी त्यांच्याच डोक्यावर होती. त्यामुळे त्यांचे प्रेम हळवे होत नाही, नारबाचे क्वचित होते.

वर्गात ‘उपननी’ घ्यावयाची असल्यास एक सूप, चार मुठी भुसकटासह ज्वारी आणि शाळेची गच्ची एवढे साहित्य पुरे. एखाद्या मुलाची आजी यावयास तयार झाली, तर सूप तिच्याच हाती द्यावे.